ताडपत्री आधी सोड

अटलांटा, १८ ऑगस्ट

ती. स्व. दादा,
सा. न. वि. वि.

फोनवर तू "हो हो, करतो" म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून ग्रिलच्या बुरशीबद्दल हे पत्र लिहिते आहे. वाचून झालं की वहिनीकडे दे, तुझ्या खिशात ठेवू नकोस.

मी निघाले तेव्हा तू गच्चीवर तुझ्या नव्या सिरॅमिक ग्रिलला ताडपत्री गुंडाळून सुतळीने करकचून बांधत होतास. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. मीही इथून निघताना माझ्या तसल्याच ग्रिलचं तेच केलं होतं ना! मुंजीला येण्याच्या आदल्या रात्री आम्ही चिकन भाजलं, भरताची वांगी भाजली, विस्तव विझावा म्हणून हवेची वरची-खालची झडप बंद केली, वरून कव्हर घातलं आणि विमानात बसलो. पाच आठवडे तुमच्याकडे पंचेचाळीस अंशांत माठाचं पाणी पीत होते, तेव्हा इथे रोज दुपारी ढग भरून येत होते.

परत आल्यावर झाकण उघडलं आणि दोन पावलं मागेच आले. जाळीवर सरकी काढलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके, झाकणाच्या घुमटाच्या आत राखाडी-हिरवे गोल ठिपके, उरलेल्या कोळशावरसुद्धा लव. आणि वास? पंधरा दिवस विसरलेल्या ताकाच्या मडक्याचा.

मग डोक्यात प्रकाश पडला. ही शेगडी बाहेरून चिनी मातीच्या बरणीसारखी चकचकीत दिसते, पण ती चकाकी बाहेरच. आतून कोरी भाजलेली माती, म्हणजे माठच. ओल पिते. त्यात मांसाची वाफ, टपकलेली चरबी, राख, अंधार आणि हवेला वाट नाही. आई लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू देत नाही, बुरा येतो म्हणून. मी तर अख्खी बरणीच खरकटी करून झाकण लावलं होतं.

पहिल्यांदा साबणाचं पाणी आणि ब्लीच आणायला उठले होते. तेवढ्यात आईचा आवाज कानात आला: माठ कधी साबणाने घासतात का? माती जे पिते ते नंतर सोडते, आणि तेही तुमच्या वांग्यात. इथे औषध एकच, विस्तव.

पण तोही दमादमाने. आधी मास्क आणि हातमोजे घालून जुना कोळसा, राख, सगळं पिशवीत भरून टाकलं. ते जपून वापरायच्या भानगडीत पडू नकोस. जाळ्या बाहेर काढून गरम पाण्याने, साबणाने घासल्या. त्या लोखंडाच्या, त्यांना चालतं. नंतर कोरड्या करून तेलाचा हात फिरवला. मग थोडा नवा लाकडी कोळसा पेटवून तासभर शंभर-एकशेवीस अंशांवरच ठेवलं. ओली माती एकदम तापवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तडा जाऊ शकतो. ओल गेल्यावर आणखी कोळसा घालून दोन्ही झडपा उघडल्या आणि तीनशेच्या वर पाऊण तास धगधगू दिलं. बुरशी त्याच्या कितीतरी आधीच मरते. बाकीची आच साचलेल्या चरबीसाठी.

इथे माझा मूर्खपणा ऐक. आत काय चाललंय ते बघायला झाकण झटकन उघडलं. तुंबलेल्या विस्तवाला एकदम हवा मिळाली आणि भक्कन ज्वाळ बाहेर आली. हातावरचे केस जळाल्याचा वास दोन दिवस येत होता. झाकण आधी दोन बोटं उघडायचं, क्षणभर थांबायचं, मग पूर्ण. आणि हे सगळं करताना वहिनीला गच्चीवर येऊ देऊ नकोस, तिला दमा आहे.

दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, राख काढली, कोरड्या ब्रशने आतून झाडलं. झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टी मात्र एका जागी करपली, ती बदलावी लागली. तुझी ठीक आहे का पाहायचं असेल तर दहाची नोट झाकणात धरून बंद कर आणि ओढ. सहज निसटली तर तिथून हवा जाते.

सगळंच बुरशी समजून घाबरू नकोस. घुमटाला काजळी आणि चरबीचे काळे पापुद्रे सुटतात, रंग उडाल्यासारखे दिसतात. बोट लावलं की कुरकुरीत तुटतात, ते नुसते झाडून टाकायचे. बुरशी मऊ, केसाळ असते.

आता तुझी ताडपत्री. ती आधी सोड. ग्रिल पाण्याच्या टाकीजवळच्या पत्र्याखाली ढकल, चाकं आहेत ना त्याला. भाजून झालं की पाचेक मिनिटं तशीच मोठी आच ठेवून चरबी जाळून टाक. गार झाल्यावर राख काढ आणि मग वरची-खालची झडप बोटभर उघडी ठेव. पाल शिरेल म्हणशील, तर खालच्या झडपेला जाळी असते, ती लाव. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळेल असं, आणि शेगडी पूर्ण कोरडी असतानाच. पावसाळ्यात कोळसा आत ठेवू नकोस, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव. आणि मुख्य म्हणजे, पंधरा दिवसांतून एकदा तरी पेटव. वापरात असलेल्या चुलीला बुरशी लागत नाही.

"काऊन गं, पावसात कोण भाजतं?" असं विचारशील. रोडगे भाज! गोवऱ्यांची चव येणार नाही हे मान्य, पण मी इथे बाबांच्या सांगण्यावरून केले होते, वर वांग्याची भाजी, आणि दोन दिवस घरात तुपाचा वास होता.

आईला नमस्कार सांग, मुंजीच्या बटूला माझा पापा. आणि ताडपत्रीची गाठ आईने पुन्हा आवळली असेल तर न भांडता तिला हे पत्र वाचून दाखव.

तुझी,
छोटी