पापणी लवेपर्यंत थांबा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय यांस,
स. न. वि. वि.

काल दुपारी माझ्या यजमानांना खिडकीशी बसवून अकरा वेळा मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. हयातीचा दाखला काढायचा होता. पडद्यावर गोल येतो, डोळ्यांची उघडझाप करा म्हणतो, आणि यांची पापणी लवेपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून. यांना कंपवात आहे. कंपवातात पापणी कमी लवते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. अकराव्या वेळी ते मला म्हणाले, "अगं, मी आहे ना?"

अंगठा तर केव्हाच चालेनासा झालाय. वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं लेथवर काढली, रेषा राहणार कुठून? पेन्शन दोन महिने थांबली आहे. ती केवढीशी, पण यांच्या गोळ्या तिच्यातूनच येतात.

गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक अधिकारी आले होते. "पुढच्या वेळी माणूस तुमच्या घरी येईल," असं माईकवरून सांगून गेले. टाळ्या मीही वाजवल्या. घरी कुणी आलं नाही. चौकशीला गेले तर म्हणे ॲपवरून नोंदणी करा. ओटीपी गेला मुलाच्या बंद पडलेल्या नंबरवर.

साहेब, मी चाळीस वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं आहे. नट थांबला की लगेच वाक्य द्यायचं नसतं. तो विसरलाय की त्याने मुद्दाम थांबून जागा घेतली आहे, हे विंगेतून त्याच्या खांद्यांकडे बघून ओळखावं लागतं. तुमच्या यंत्राला हे कुणी शिकवलं नाही, कारण ते बनवताना समोर म्हातारं माणूस बसवलंच नव्हतं. मला दुसरं कारण दिसत नाही.

बसवता येतं. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात ॲलन न्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी बसवलं. घरात पडलेल्या वृद्धाची खबर देणारं यंत्र करायचं होतं. आधी त्यावर छोटे प्रसंग लिहिले, व्यावसायिक नटांकडून करून घेतले, आणि ज्येष्ठांना दाखवताना मध्येच थांबवून विचारलं: इथे तुम्ही काय केलं असतं? माणसं स्वतःचं अडणं सांगायला लाजतात, पण नाटकातल्या म्हातारीचं अडणं भडाभडा सांगतात. ही रीत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या नाटकांवरून आलेली. त्यांच्या प्रयोगात प्रेक्षक उठून प्रसंग बदलतो. ते १९९३ ते १९९६ रिओ दि जानेरोचे नगरसेवक होते आणि लोकांसोबत नाटकं करून त्यांनी कायदे करून घेतले. नगरसेवक, साहेब! आमच्याकडे नगरसेवक नाट्यगृहात येतात ते नारळ फोडायला.

२०११च्या जनगणनेत या देशात साठीपुढचे दहा कोटींवर होते. आता किती असतील, तुम्हीच मोजा. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, दवाखान्याचा नंबर, सगळं मोबाईलमध्ये कोंबलंत आणि खिडक्या बंद केल्यात. खिडकीतला कारकून खेकसायचा, पण समोरचा माणूस जिवंत आहे हे त्याला दिसायचं. आता टेंडर निघतं, ॲप येतं, उद्घाटन होतं, आणि चुकलं की "आजोबांना जमत नाही." आजोबांना लेथवर सुताचा फरक बोटांनी कळायचा.

गडकरी रंगायतनची एक दुपार द्या. ॲप बनवणाऱ्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा. प्रसंग आम्ही बसवतो: एक खुर्ची, एक मोबाईल, एक कंपवाताचा माणूस. मानधन नको.

यांचा दाखला मात्र त्याआधी हवा. गोळ्या गुरुवारपर्यंतच्याच आहेत.

एक ज्येष्ठ नागरिक,
नौपाडा, ठाणे