निर्यातदाराने गाऱ्हाणे मांडायचे कुठे?

संपादक महोदय,

अमेरिकेच्या आयात शुल्कावर रोज रकाने भरून येतात, पण आमच्या धंद्यात शुल्कापेक्षा कागदच जास्त नडतो. मी वाशीत फळनिर्यातीची कागदपत्रे करतो: फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर इथेच विकिरण (किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा) करावे लागते, तेही त्यांच्या कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. त्या निरीक्षकाचा खर्चही आपल्याच निर्यातदारांच्या बोकांडी. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. आंब्यात खोट नव्हती, विकिरणाच्या फॉर्ममध्ये होती; आणि ती चूक तुमच्याच निरीक्षकाची, असे निर्यातदार सांगत राहिले. माल परत न्या नाहीतर इथेच नष्ट करा, असे उत्तर मिळाले. पिकत आलेला आंबा पुन्हा विमानभाडे भरून कोण आणणार? नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर.

उलट बाजू पाहा. परदेशात अन्याय झाला असे वाटले, तर अमेरिकी उत्पादक १९७४च्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१खाली अर्ज करतो. चौकशी करायची की नाही, हे सरकारला ४५ दिवसांत ठरवावेच लागते. नाही म्हटले तर कारण छापावे लागते. युरोपातही १९९४पासून असा कायदा आहे. आपल्याकडे बाहेरचा माल पडत्या भावात आला, तर १९७५च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याखाली अँटी-डंपिंगचा अर्ज करता येतो. आपलाच माल तिकडे अडला, तर मात्र अपेडाला (शेतमाल निर्यातीचे सरकारी प्राधिकरण) मेल, मंत्रालयाला मेल, दूतावासाला प्रत. उत्तर आले तर आले.

अमेरिकेची दांडगाई उचला, असे मी म्हणत नाही. १९८९ मध्ये त्यांनी 'सुपर ३०१'च्या, म्हणजे त्याच कलमाच्या अधिक कडक रूपाच्या, यादीत जपान आणि ब्राझीलबरोबर आपले नाव घातले होते, विमा आणि परकीय गुंतवणुकीवरून. आपण वाटाघाटीला बसलोच नाही आणि शेवटी कारवाईही झाली नाही. धमकी असो वा नसो, अर्जाची पोच आणि उत्तराची मुदत एवढे तरी आपल्याला घेता येईल.

१९९२च्या परकीय व्यापार कायद्यात तेवढे एक कलम घालायला हवे: निर्यातदाराच्या तक्रारीला क्रमांक आणि ६० दिवसांत लेखी, सकारण निर्णय. कोकणातल्या खासदारांनी पुढचा आंबा हंगाम सुरू होण्याआधी हे संसदेत मांडावे.

- एक वाचक, वाशी, नवी मुंबई