सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत

नागपूर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सातबाऱ्याचा विषय काढला की बाबा, तुम्ही पाऊस, पऱ्हाटीवरची बोंडअळी, शेजाऱ्याचं गोऱ्हं असं करत करत विषय तिसरीकडेच नेता. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू वाचून दाखव आणि मध्येच त्यांना उठू देऊ नको.

आपल्या दोन्ही वावरांचे उतारे मी मोबाइलवर काढून पाहिले. महाभूलेखवर नागपूर विभाग, मग वर्धा, आर्वी, आपलं गाव आणि गट नंबर टाकला की फुकट दिसतात. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो, त्यावर पुन्हा कोणाचा सही-शिक्का लागत नाही.

तुम्ही विकत घेतलेलं दोन एकर तुमच्या नावावर आहे, भोगवटादार वर्ग 1 म्हणजे पूर्ण मालकीचं, काही अडचण नाही. फक्त ‘इतर हक्क’च्या रकान्यात पीककर्जाचा बोजा अजून तसाच बसलेला आहे. कर्ज फेडलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. फेडल्याचा दाखला घेऊन पटवाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग त्याचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद होते. (पटवाऱ्याला आता सरकार ग्राम महसूल अधिकारी म्हणतं. तुम्ही पटवारीच म्हणा, तो रागावणार नाही.)

खरा घोळ विहिरीच्या वावराचा. 2.83 हेक्टर, म्हणजे आपले सात एकर, आणि भोगवटादाराच्या जागी अजून आजोबांचं नाव. ते गेल्यावर वारस चढवायचे राहिले ते राहिलेच. जमिनीत आपला हक्क आला की तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याला कळवायचं, असं 1966 च्या महसूल संहितेत आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण “वावर आपल्याच ताब्यात हाय, कोन नेते उचलून?” हे तुमचं म्हणणं आता चालत नाही. शेतकरी ओळख क्रमांकाला सातबाऱ्यावरचं नाव लागतं. पीकविम्याचा अर्ज त्यावर, हमीभाव केंद्रावर कापूस न्यायचा तर पीकपेरा त्यावर. सात एकर तुम्ही कसता आणि कागदावर शेतकरी दोन एकरांचे. 2025 मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ म्हणून मोहीमच काढली होती, अशीच गेलेल्या माणसांची नावं उतरवायला. तेव्हा तुम्ही तुरीचं निमित्त सांगितलंत.

मला माहीत आहे, अडलंय ते तुरीमुळे नाही, आत्यांमुळे.

वारस लावायचे म्हटलं की मोठी आत्या आणि लहान आत्या दोघींची नावं येणार, हीच तुमची धास्ती. ती येणारच बाबा, आणि आली पाहिजेत. बाप मृत्युपत्र न करता गेला तर लेकी मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाच्या वारस, हे 1956 च्या कायद्यापासूनच आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असं नाही. गावात कोणीतरी तुम्हाला सुचवेल की बहिणींची नावं अर्जात टाकूच नका, कोण विचारतो. त्याच्या नादी लागू नका. वारसांच्या अर्जासोबत सगळे वारस कोण हे शपथेवर लिहून द्यायचं असतं. खोटं लिहिलं तर उद्या आत्याच्या पोरांनी हरकत घेतली की तहसील, एसडीओ, दिवाणी कोर्ट, आणि रामनवमीला एका पंगतीत बसणंही बंद.

आत्यांना हिस्सा नको असेल तर त्या हक्कसोड करून देतील. मात्र शंभराच्या स्टॅम्पवर घरी सही घेऊन भागत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, त्यानंतर त्याचा वेगळा फेरफार. आणि माझी एक विनंती, राखीच्या दिवशी साडी हातात ठेवून हा विषय काढू नका. लहान आत्याचं घर कसं चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे. तिने हिस्सा मागितला तर तो तिचा आहे. चौघांसमोर मोजणी करून, तहसीलदारांकडून महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घेऊ. तुम्ही म्हणाल, लेक परक्या घरची झाल्यावर शिकवायला लागली. म्हणा.

कागदांचं काम तसं थोडकं आहे. आजोबांचा मृत्यूचा दाखला, 8-अ म्हणजे खातेउतारा, सगळ्यांचे आधार आणि शपथपत्र. अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर मी इथूनच भरते. पटवारी वारस नोंदवहीत घेतो, मग फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ती प्रमाणित झाली का हे पाहिल्याशिवाय काम झालं असं समजायचं नाही. पुष्कळांचे फेरफार तिथेच अडकून राहतात.

सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकीचा पक्का पुरावा झाला, असंही नाही. विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानतात, इतकंच. म्हणून दोन एकरांचं खरेदीखत जपा, तोच तुमचा खरा कागद. घराचंही तेच. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा हिशेब आहे, मालकीपत्र नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देतात. आपल्या गावचं झालं का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

धुऱ्यावरचे दोन साग तोडायला ठेकेदार येऊन गेला म्हणे. आपल्या वावरातला असला तरी साग परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1964 चा कायदा आहे, आणि धुऱ्यावरचं झाड निम्मं शेजाऱ्याचंही असू शकतं. त्या धुऱ्याचे दगड नांगरताना हलले होते ना? हद्दीच्या खुणा राखायची जबाबदारी मालकाचीच. शेजाऱ्याशी भांडू नका, भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाकू, मोजलेल्या हद्दींचा ‘क’ प्रत नकाशा हातात आला की बोलणं सोपं होतं. ई-पीक पाहणीचे, म्हणजे मोबाइलवर पीक नोंदवायचे फोटो यंदापासून आई काढेल, तिचा हात तुमच्यासारखा थरथरत नाही.

आणि आईचं. बाबा, लाल बिल्ला लावून तुम्ही शेतकरी संघटनेच्या सभांना जायचे. बायकोच्या नावावर जमीन करायच्या लक्ष्मीमुक्तीची भाषणं ऐकून येऊन आईला सांगायचे, हे आजी मला सांगत असे. सरकारनेही पुढे 1992 मध्ये नवऱ्याने स्वखुशीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय करून दिली. निंदण, वेचणी, बियाण्याचा हिशेब सगळं तिचं. दोन एकरांच्या उताऱ्यावर तिचं नाव अजून का नाही? याला तर कोणाच्या बहिणीची सही लागत नाही.

माझ्या हिश्श्याचं आत्ता काही बोलायचं नाही. तुम्ही दोघं सुखरूप असताना तुम्ही ठरवाल ते. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

आई, आजोबांचा मृत्यूचा दाखला देवघराखालच्या पेटीत असावा. नसला तर ग्रामपंचायतीतून दुसरी प्रत काढा. मोठ्या आत्याला मी फोन करते, लहान आत्याला मात्र बाबांनीच करायचा. कापसाची पहिली वेचणी झाली की मी येते, तेव्हा दोघींना घरी बोलवा. जेवायला पुरण करू, सह्यांचं त्या दिवशी काढायचं नाही.

तुमची लेक