डेक्सा तपासणीला जाण्याआधी हे वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. हाडांची घनता आणि शरीरातील चरबी-स्नायूंचं प्रमाण मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी ज्यांनी नाव दिलंय, त्यांच्यासाठी ही आठवण.

तपासणीच्या आधी 24 तास कॅल्शियमची गोळी घेऊ नका; न विरघळलेली गोळी कण्याच्या चित्रात उमटली तर आकडा चुकतो. नुकताच बेरियमचा एक्स-रे किंवा कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून दिलं जाणारं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर तारीख पुढे ढकला. गर्भवती असल्यास किंवा तशी शंका असल्यास आधीच सांगा. कपडे सैल, चेन-हुक नसलेले घाला.

घाबरण्यासारखं खरंच काही नाही. सुई नाही, बोगद्यात शिरणं नाही. पाठीवर झोपायचं, पायांखाली चौकोनी उशी येते, खुब्याच्या वेळी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात. वरून यंत्राचा हात सावकाश सरकतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरल्यामुळे हाड आणि मऊ ऊती वेगळ्या मोजता येतात. किरणांची मात्रा अगदी कमी असते.

टी-स्कोअर (तुमच्या हाडांच्या घनतेची निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटाच. आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करा, नाहीतर तुलना फसते. जुना अहवाल सोबत आणायला विसरू नका!