चित्र बघायला आलोय, घ्यायला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने चित्रकार आबालाल रहिमान यांचा विषय निघाला की कोल्हापुरात बोलणं कोटीतीर्थावर जातं. १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर आबालालनी आपली चित्रं त्या तळ्यात सोडली, असं जुनी माणसं सांगतात. मीही ते लहानपणापासून ऐकत आलोय. पण उरलेली चित्रं कुणाकुणाच्या घरी आहेत, हे विचारणारे फार थोडे.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. गेली बारा वर्षं इथल्या चित्रकारांच्या कामाच्या नोंदी वहीत करतोय. टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जाता येतं. चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं घर चित्रांसह शासनाला दिलं, तिथंही कुणी अडवत नाही. अडतं ते खासगी घरांच्या फाटकावर. आपल्या शहरातल्या एका धनिक संग्राहकाकडे रंकाळ्याचं एक जुनं जलरंग चित्र आहे, असं फ्रेमवाल्याकडून कळलं. दोनदा गेलो. दोन्ही वेळा वॉचमननं सांगितलं, "चित्रं विकायची न्हाईत, पाव्हणं."

त्याचं काय चुकलं? अशा दारात येणारे बहुतेक दलालच. मग घरी येऊन पत्र लिहिलं. पहिला खर्डा पदव्या आणि प्रदर्शनं यांनीच भरला होता, तो फाडला. दुसऱ्यात एवढंच लिहिलं: "मी चित्र विकत घेत नाही, विकून देत नाही, किंमत सांगत नाही. आपण परवानगी दिलीत तर तासभर बसेन. जवळ फक्त शिसपेन्सिल असेल, शाईचं पेन आणणार नाही. चित्राची मागची बाजू बघू द्यावी ही विनंती. आपलं नाव आपल्या परवानगीशिवाय कुठंही छापणार नाही." सोबत वहीतल्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडल्या. आठव्या दिवशी मालकांचा स्वतःचा फोन आला.

चित्र दिवाणखान्यात, खिडकीसमोर होतं. जलरंगाला ऊन सोसत नाही, आकाशाची निळाई विरत चालली होती. फ्रेम उतरवली तेव्हा कळलं, कागद थेट प्लायवूडला चिकटवलेला. माउंटमधलं, म्हणजे चित्राभोवतीच्या हलक्या पुठ्ठ्याच्या चौकटीतलं, आम्ल उतरून काठानं तपकिरी पट्टा आलेला, आणि आपल्या पावसाळ्याची बुरशी पाण्याच्या भागावर ठिपक्यांनी बसलेली. मालक खाली सतरंजीवर माझ्याशेजारी बसून बघत होते. "हे आबालालचंच का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संग्रहालयातल्या चित्रांशेजारी ठेवून कागद आणि रंगाचे थर ताडून पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. त्यांना राग आला नाही. वडिलांनी चित्र कुणाकडून घेतलं, ते आठवून त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं. इतक्या वर्षांत मला मिळालेली सगळ्यात मोलाची नोंद तीच. त्याच आठवड्यात चित्र आतल्या भिंतीवर गेलं.

म्हणून जिल्ह्यातल्या चित्रमालकांना हात जोडून विनंती आहे. आबालाल असोत, आनंदराव-बाबूराव पेंटर असोत, दत्तोबा दळवी असोत, घरात चित्र असेल तर पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा. कुणाकडून आलं ते आजोबा-आजी आहेत तोवर लिहून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा कुठवर आली, हे आपण पाहिलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी रस्त्यावर उभा होतो. अशी वेळ आपल्या घरातल्या चित्रावर आली, तर मागं निदान फोटो तरी राहील.

आणि चित्रकलेच्या तरुण अभ्यासकांनो, फाटकावर जाण्याआधी पत्र लिहा, काय हवं आणि काय नको ते आधीच सांगा.

कुणाला फोटो कसे काढावेत, चित्र कुठं टांगावं, हे विचारायचं असेल तर मी सायकलवरून येईन. पैसे घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर