शेकाच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाचीही विचारपूस व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचा शेक, म्हणजे रेडिएशनचा उपचार, साधारण 6 ते 7 आठवडे चालतो, आठवड्यातून 5 दिवस. रुग्ण रोज 10-15 मिनिटे मशीनच्या खोलीत असतो आणि तेवढा वेळ त्याची बायको, सून किंवा मुलगा बाहेर बाकावर एकटे बसलेले असतात. उपचाराच्या एवढ्या काळात रुग्णाच्या नजरेआड असण्याची त्यांची ही एकच ठरलेली वेळ. ती वाया जाते. गडचिरोली, गोंदियापासून पार बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची कुटुंबे उपचारासाठी नागपुरात येऊन राहतात. इथल्या कर्करोग रुग्णालयांनी याच वेळात सोबतच्या माणसाची विचारपूस करावी, अशी आमची कळकळीची मागणी आहे.

त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. पीएचक्यू-2 ही नैराश्य हेरणारी दोन प्रश्नांची चाचणी पुरेशी आहे. गेल्या 2 आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटले का? मुळीच नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळजवळ रोज 3. बेरीज 3 किंवा जास्त आली, तर नीट तपासणी हवी. हे निदान नव्हे, पुढे कोणाला पाठवायचे ते कळण्यापुरती चाळणी आहे. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ज्यांना तिथे जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झालाय का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही.

विचारण्याची जागा चुकली की सगळे फसते. खाटेशेजारी विचारले तर उत्तर ठरलेले: "मले काय झालं, यांचं पाहा." म्हणून रुग्ण आत असतानाच विचारावे, आणि सुरुवात मनाविषयीच्या प्रश्नांनी करू नये. आधी झोप, जेवण, आणि स्वतःची बीपी-शुगरची गोळी चालू आहे की सुटली, हे विचारावे. गोळी सुटलेली असते, डोके दुखत असते, छातीत धडधडत असते. मनातले बहुतेक वेळा त्यानंतरच बाहेर येते.

झोपेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माणूस खचायला लागतो तो तिथूनच, आणि त्यातले बरेच रुग्णालयालाच टाळता येते. मॉर्फिनची साधी गोळी 4 तासांनी द्यायची असते, म्हणून घरचे माणूस रात्री 2 ला गजर लावून उठते. रात्री 10 ला दुप्पट मात्रा देऊन 2 ची गोळी गाळायची, ही वेदनाशामक उपचारांतली रुळलेली पद्धत आहे. मात्र ती डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वय फार असेल तर ती धोक्याची ठरू शकते, घरच्यांनी आपल्या मनाने करू नये. अन्न भरवण्यासाठी नाकात घातलेल्या नळीचेही तसेच. दर 2-3 तासांनी 200 ते 250 मिली भरवायचे, एवढेच सांगून घरी पाठवले की माणूस रात्रभर वाटी घेऊन जागते. आहारतज्ज्ञाने दिवसभराची बेरीज सकाळी 6 ते रात्री 10 मध्ये बसवून दिली तर बहुतेकांना रात्री भरवावे लागत नाही. भरवताना पाठ उंच हवी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे करायचे नाही, हे एकदा हाताने करून दाखवले की अन्न फुप्फुसात जाईल ही रात्रंदिवसची धास्तीही कमी होते.

दुसरे ओझे लपवाछपवीचे. "त्यांना सांगू नका" असे नातेवाईक म्हणतात आणि ते गुपित सांभाळायचे येते रात्रंदिवस जवळ असणाऱ्या एकाच व्यक्तीवर, बहुधा बायकोवर. रुग्णाला अंदाज आलेलाच असतो. तोही तिच्यासाठी गप्प राहतो. अशा वेळी डॉक्टरांनी नातेवाइकांशी वाद घालू नये. आधी भीती कशाची आहे ते ऐकून घ्यावे, मग रुग्णालाच विचारावे, "तुम्हाला किती माहिती हवी?" तो म्हणेल तेवढेच, आणि ते डॉक्टरांनी सांगावे. बायकोची त्या गुपितातून सुटका होते आणि दोघांना एकमेकांशी पुन्हा बोलता येते.

रुग्ण गेला की फाईल बंद होते. तेरवीपर्यंत घर भरलेले असते, नंतर पाहुणे परततात. ज्या बाईने वर्षभर दर 4 तासांनी औषध दिले तिच्या हाताला आता काही नसते, आणि "नागपूरला आधीच नेले असते तर" हा विचार सोडत नाही. तेरवीनंतरच्या आठवड्यात एक फोन आणि 6 महिन्यांनी दुसरा, एवढे समाजसेवा विभागाला करता येईल. सहा महिन्यांनंतरही रोजची कामे होत नसतील तर मानसोपचाराची गरज आहे असे समजावे. त्यासाठी पहिल्या दिवशीच केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली सोबतच्या माणसाचे नाव, स्वतःचे आजार आणि फोन नंबर लिहिण्याची ओळ छापावी.

आपले,
कर्करोग रुग्णांच्या घरी शुश्रूषा व समुपदेशन करणारे कार्यकर्ते,
नागपूर