कन्व्हिक्ट हिलचा दगड

चि. सौ. माऊस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

विमानतळाकडे निघालो तेव्हा तुझ्या घराजवळच्या वळणावर मी गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. "काय झालं बाबा, काही राहिलं का?" असं तू विचारलंस. मला धड बोलता आलं नाही. त्या वळणावरच्या पाटीवर 'कन्व्हिक्ट हिल रोड', म्हणजे कैद्यांच्या टेकडीचा रस्ता, असं लिहिलंय, तू रोज तिथूनच ऑफिसला जातेस. गाडीत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून घरी आल्यावर पहिलं पत्र तुलाच लिहायला घेतलं.

तू आम्हा दोघांना ऑस्टिनच्या काँग्रेस ॲव्हेन्यूवर कॅपिटलपाशी, म्हणजे टेक्सासच्या विधानभवनापाशी, सोडून कामावर गेलीस, तो दिवस आठव. तुझ्या आईला आत जायची घाई झालेली. मी मात्र दक्षिणेच्या दाराशी भिंतीला हात लावून उभा राहिलो. गुलाबी ग्रॅनाइट, उन्हानं तापलेला. दर्शनी अंग मुद्दाम खडबडीत ठेवलेलं आणि कडा मात्र दोरी लावल्यासारख्या सरळ. चाळीस वर्षं मी काळा दगड घडवला. छिन्नी कुठं निसटली, कुठं माणसानं दम घेतला, हे दगडावर हात फिरवला की कळतं. तिथंही कळत होतं. हे कुणी घडवलं, हाच विचार मग दिवसभर डोक्यात राहिला.

आत गेलो. तिकीट नाही, सामान तपासून सोडतात. मधोमध घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं, तर टोकाला एक चांदणी दिसते, तळहाताएवढी. ती जमिनीपासून २१८ फुटांवर आहे आणि ८ फूट रुंद आहे म्हणे. तुझी आई फरशीवरच्या मधल्या ताऱ्यावर उभी राहून हळूच "माऊली" म्हणाली, तर आवाज वरून फिरून तिच्याच अंगावर आला. ती दचकली आणि मग आणखी दोनदा म्हणाली. भोवतीच्या भिंतींवर टेक्सासच्या गव्हर्नरांची चित्रं ओळीनं लावलीत. नवं चित्र आलं की बाकीची सगळी एकेक जागा पुढं सरकवतात. दारांच्या बिजागऱ्याही मी वाकून पाहिल्या. त्यांच्यावर 'टेक्सास कॅपिटल' अशी अक्षरं ओतलेली आहेत. बांधली तेव्हा इमारतीला ३९२ खोल्या, ९२४ खिडक्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात बिजागरीकडंही कुणीतरी लक्ष दिलं होतं. काम करणाऱ्या माणसाला हे बघून फार बरं वाटतं गं.

माहिती सांगणाऱ्या बाईंना मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "स्टोन, हू कट?" त्यांनी मला बाजूला घेऊन सावकाश सांगितलं. राहिलेलं रात्री जावईबापूंनी वाचून दाखवलं.

जुनी इमारत १८८१ च्या नोव्हेंबरात जळाली. सरकारकडं पैसा नव्हता, जमीन होती. म्हणून शिकागोच्या धनिकांना इमारत बांधायच्या बदल्यात उत्तरेकडची तीस लाख एकर जमीन दिली. त्या मुलखातल्या मूळच्या कोमांची लोकांना १८७५ पर्यंत तिथून हुसकावून लावलेलं होतं. म्हणजे जमीनही कुणाची तरी होतीच.

सुरुवातीला चुनखडीचा दगड वापरायचं ठरलं होतं. तो काढला तुझ्या घराजवळच्या, ओक हिलच्या खाणीतून. पण त्यात लोखंडाचा अंश निघाला, हवा लागली की तांबूस डाग पडायचे. असला दगड बाहेरून लावता येत नाही, हे कुठलाही गवंडी सांगेल. गव्हर्नर आयर्लंड यांनी परराज्यातला दगड घ्यायचा नाही, टेक्सासचाच लावायचा, असा हट्ट धरला. मग मार्बल फॉल्सजवळच्या डोंगराच्या मालकांनी हा गुलाबी ग्रॅनाइट फुकट देऊ केला. डोंगरापर्यंत रेल्वे टाकली. आणि रूळ टाकायला, दगड काढायला आणले तुरुंगातले कैदी.

आपल्याकडं नाही का म्हणत, असंच वागलास तर खडी फोडायला जाशील? तिथं ते खरोखर घडलं. कंत्राटदारानं मजुरीचे पैसे सरकारला द्यायचे, कैद्याच्या हातात काही नाही. त्यांच्यात काळी माणसं फार होती. टेक्सासात गुलामगिरी संपल्याचा हुकूम १९ जून १८६५ ला वाचला गेला, आणि वीस वर्षांनी हे चाललेलं. मला ते ऐकवेना.

दगडकाम करणाऱ्यांच्या युनियननं या कामावर बहिष्कार टाकला. कैद्याला फुकट राबवलं तर मोकळ्या कारागिराच्या पोटावर पाय येतो, हे त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. तेव्हा कंत्राटदारानं १८८६ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनहून पाथरवट आणले. बासष्ट जण टेक्सासपर्यंत पोचले. त्यांनाही माझ्यासारखंच घर, बायको-पोरं असतील. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. परदेशातून असे कामगार आणायला कायद्यानं बंदी होती, म्हणून कंत्राटदाराला दंड झाला. इमारत मात्र १८८८ साली उभी राहिली.

आता मला खरं सांगायचंय ते हे. ओक हिलचा तो डागाळणारा दगड टाकून दिला नाही. तो पायाला आणि आतल्या भिंतींना वापरला. लोक फोटो काढतात तो ग्रॅनाइट. पण घुमटाखाली उभं राहून तुझी आई "माऊली" म्हणाली, तेव्हा तो आवाज ज्या भिंतींमध्ये घुमला, त्यांच्या पोटात तुझ्या घरामागच्या टेकडीचा दगड आहे. त्या खाणीतही कैदीच राबत होते, आणि त्यातले आठ तिथं मेले असं सांगतात. त्यांची नावं मला कुठं वाचायला मिळाली नाहीत. उरलाय तो तुझ्या वळणावरचा रस्ता.

तुला माझं डाव्या हाताचं बोट माहीत आहे. लहान असताना ते धरून तू विचारायचीस, "बाबा, नख कुठं गेलं?" एका शाळेच्या जोत्याचा चिरा बसवताना ते गेलं. त्या शाळेच्या कोनशिलेवर उद्घाटनाला आलेल्यांची नावं आहेत. आम्ही अकरा जण होतो, एकाचंही नाही. मला संध्याकाळी मजुरी मिळत होती, घरी यायला मोकळीक होती, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही. त्या माणसांना तेवढंही नव्हतं.

पिल्लू आता चालायला लागलाय. त्याला कॅपिटल दाखवायला नेशील, तेव्हा आधी दक्षिणेच्या दाराशी थांब. उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर एका चिऱ्याची कड जराशी उडालेली आहे. त्याचा हात तिथं लाव, मग आत ने.

आईनं मेतकूट आणि कुळथाचं पीठ जावईबापूंच्या मित्राबरोबर पाठवलंय. मिळालं की कळव.

तुझे,
बाबा